पडद्यावरचा सातबारा

परभणीचा उन्हाळा काय सांगावा. आमच्या कचेरीत दुपारी बोर्डावर टी-स्क्वेअरची लाकडी पट्टी ठेवली तर संध्याकाळी तिचं धनुष्य झालेलं असे, आणि पेनातली शाई कागदाला टेकायच्या आधीच वाळून जाई. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता माझाही त्यावर विश्वास बसलाय. पुढं जे सांगतोय त्यात मात्र मीठमसाला नाही. घालायला हात उचलत नाही.

आमच्या साहेबांची नकाशे काढून द्यायची कचेरी होती. पाझर तलाव, शाळाखोल्या, जिनिंगच्या शेड, ज्याला जे पाहिजे ते. साहेब इंजिनिअर, मी साईटवर टेप धरून मापं आणणारा, आणि रेघा मारणारा माझा मित्र, ताडकळसच्या बाजूचा. अठ्ठ्याहत्तर साली नामांतरावरून गावं पेटली तेव्हा त्याचं घर जळालं. मग तो शहरात आला, आयटीआय केलं. त्याची रेघ अशी की मुंगीला डांबरी सडक वाटावी. पण नकाशाच्या कोपऱ्यात 'ड्रॉन बाय'चा, काढणाऱ्याच्या नावाचा, जो चौकोन असतो, तो हा गडी कोरा सोडायचा. गिऱ्हाइकं आडनाव वाचतात, आणि आडनाव वाचलं की नकाशा वाचत नाहीत. त्याला तसं कोणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नव्हतं.

त्र्याण्णव साली साहेबांनी कॉम्प्युटर घेतला. चपला बाहेर काढून, पाय पुसून आत यायचं. नारळसुद्धा जिन्यात फोडला, यंत्रावर पाणी उडायला नको म्हणून. मग नकाशे काढायचा प्रोग्राम विकायला औरंगाबादेहून एक टायवाला आला. म्हणाला, लायसन दोन तऱ्हेचं मिळतं. एक नावाचं. बसवतानाच एका माणसाचं नाव आणि त्याचा पासवर्ड आत घालायचा. मग यंत्र कुठलंही असो, बसायचं त्यानंच. दुसरं कुलपाचं. अंगठ्याएवढी एक डबी यंत्राच्या पाठीला लावायची. डबी ज्या यंत्राला ते चालू, समोर कोणीही बसो, फक्त एका वेळी एकच. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी म्हणालो, साहेब, सोपं आहे. एक सातबारा, दुसरं गायरान.

सगळे हसले. मित्र हसला नाही. त्याच्या बापानं जन्मभर गायरान कसलं होतं. पीक उभं असताना कोणीही यावं आणि ऊठ म्हणावं. नावावर वीतभर जमीन नाही.

कुलपाचं सोयीचं, हे मलाही कळत होतं. माणूस आजारी पडला, सोयऱ्यांत गेला, तरी काम अडत नाही. पण ते महाग, आणि डबी हरवली की सगळंच गेलं. साहेब नावाच्याकडं झुकले. माझ्याकडं बोट करून म्हणाले, ह्याचं नाव घालू. का, ते बोलले नाहीत. गिऱ्हाईक शेजारी बसून पडदा बघणार, हे सगळ्यांनाच दिसत होतं.

"साहेब, रेघा मी मारतो," मित्र म्हणाला. इतक्या वर्षांत तो साहेबांपुढं स्वतःहून बोललेला मी पहिल्यांदा ऐकला.

मग मी तोंड उघडलं. म्हणालो, ज्याचं नाव पडतं त्याला कंपनीचे नियम लय कडक असतात. साईटवर जायचं नाही, उन्हात फिरायचं नाही. बोटाला सिमेंट लागलेलं असलं तर यंत्र ओळखतं आणि बसतं रुसून. हैदराबादेत एकाचं तसंच झालंय. टायवाला माझ्याकडं आ करून बघायला लागला. मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ घातली. त्यालाही विकायचंच होतं. त्यानं मान हलवली. साहेबांना साईटला मी पाहिजे होतो. नाव मित्राचं पडलं.

त्यानं ते सबंध घातलं. स्वतःचं, बापाचं, आडनाव. यंत्र सुरू केलं की काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत आधी ते यायचं, मग बाकीचं जग. नकाशाच्या कोपऱ्यातला चौकोनही तो भरायला लागला. एक-दोन गिऱ्हाइकं उठून गेली आणि मुकाट्यानं परत आली. तसा नकाशा दुसरीकडं मिळत नव्हता. मी चहाच्या टपरीवर सांगत सुटलो की हे यंत्र त्याचं नाव घेतल्याबिगर जांभईसुद्धा देत नाही.

एक दिवस तो बापाला घेऊन आला. मी त्यांना मामा म्हणायचो. मामांना इंग्रजी सोडा, मराठीही वाचता येत नव्हतं.

"ह्यात मपलं कंचं?"

मित्रानं मधल्या नावाखाली बोट धरलं. मामा लय वेळ बघत राहिले. मग विचारलं, तलाठ्याला हे खोडता येतं का. मित्र म्हणाला, ह्याला तलाठी नसतो, दादा.

पावसाळा सरला आणि मित्राचे डोळे पिवळे झाले. काविळीला गावाकडं गळ्यात माळ घालतात, चुन्याच्या पाण्यानं हात धुवून कावीळ उतरवतात. ते सगळं झालं. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. इकडं काम अडलं होतं, म्हणून साहेबांनी मला पासवर्ड आणायला पाठवलं. त्यानं तो माझ्या कानात सांगितला. मग माझं मनगट धरून म्हणाला, "तू बस. पण माझ्या नावानं उघड."

तो गेला. मी रोज त्याच्या नावानं यंत्र उघडत होतो. जानेवारीत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. त्या नावापायी ज्याचं घर जळालं, तो बघायला नव्हता. पडद्यावर मात्र सकाळी सकाळी हजर.

साहेब वाईट नव्हते. कामं वाढली होती, आणखी माणसं ठेवायची होती. मेलेल्या माणसाच्या नावानं किती दिवस चालवायचं, म्हणाले. कंपनीलाही ते चालत नव्हतं. साहेबांनी कुलपाचं मागवलं. मी एखादी थाप रचायला बसलो. हैदराबाद, सिमेंट, काय काय आठवलं. एकही उभी राहिना. टायवाला आला, जुना प्रोग्राम पुसून नवा घातला, पाठीला डबी लावली. यंत्र सुरू केलं तर तिथं कचेरीचं नाव.

ऊन तापायला लागलं तेव्हा मामा आले. साहेब बाहेर गेले होते. "एकडाव बघू दे म्हणलं," मामा दारातूनच म्हणाले आणि जोडे काढायला लागले.

मी म्हणालो, मामा, यंत्र तापायलंय, जरा दम खा, पाणी प्या. त्यांना माठाशी बसवलं आणि आत येऊन, अक्षरं टाइप करायची खुबी मला येत नव्हती म्हणून, रेघेला रेघ जोडत एकेक अक्षर काढलं. तिन्ही नावं. जन्मभर टेप धरलेला हात माझा. मग त्यांना हाक मारली.

ते आले, वाकले. बोट पडद्यापासून दूर ठेवून मधल्या नावावरून फिरवलं.

"त्या बारीला सरळ हुतं," ते म्हणाले. "हे तू काढलंस."

मी उठून त्यांच्याकडं खुर्ची सरकवली.

"खोडलं व्हय?"

"व्हय, मामा."

"मपलं बी?"

मी मान हलवली. मामा खुर्चीवर बसले नाहीत, खाली फरशीवर बसले. पंखा फिरत होता. तिथूनच म्हणाले, हे कागदावर येतंय का बघ.

मी नकाशाच्या चौकटीत ती नावं बसवली आणि प्रिंटर सुरू केला. तो करकरत एकेक ओळ काढत गेला. वाकड्या रेघा होत्या तशाच आल्या. खाली कोपऱ्यातला 'ड्रॉन बाय'चा चौकोन मी कोरा सोडला. मामांनी कागदाची घडी घालून कोपरीच्या आतल्या खिशात ठेवली, वरून हात दाबला, आणि जोडे हातातच घेऊन जिना उतरले.