राजाची आई

चंपाबाईनं समीक्षाला पहिल्यांदा पाहिलं ते मुलगी बघायच्या कार्यक्रमात, आणि तेही फक्त कमरेपासून खाली. उमरठपासून आंबेनळीपर्यंतची निम्मी प्रजा स्वतःच्या हातांवर उतरवलेली ही सुईण. तिनं मुलीभोवती अशा तीन फेऱ्या घातल्या की गुरांच्या बाजारातला हेड्याही लाजला असता. पोह्यांची बशी खाली टेकायच्या आत निकाल लागला, "चार पोरं हसतखेळत व्हतील."

मुलगी महाडला नर्स आहे, हे तिला नंतर कळलं. तेव्हापासून युद्ध.

लग्नाला तीन वर्षं झाली, पाळणा काही हलला नाही, आणि समीक्षा जर्मन शिकू लागली. परीक्षा पास झाली तर तिकडे नोकरी. लेक जितेश मुंबईहून फोनवर दोघींनाही "हो हो" म्हणायचा. सून गेली की लेकही जाणार, हे म्हातारीला स्वच्छ दिसत होतं. म्हणून समीक्षा ओटीवर पाठ करायला बसली, की चंपाबाई शेजारीच नाचणी पाखडायला घ्यायची.

तोंडी परीक्षेसाठी समीक्षानं एक शब्द निवडला होता : कायझरश्निट.

"काय गो, घशात काटा अडाकला?"

"सिझेरियनला जर्मन लोक सम्राटाचा छेद म्हणतात," समीक्षा मान वर न करता म्हणाली. "रोमचा सीझर आईचं पोट कापून जन्मला, म्हणून. त्याच्याच नावावरून सम्राटाला कायझर."

"मंग आय मेली आसंल."

"नाही. तो मोठा होऊन लढायला गेला तरी ती होती."

"कदीची गोष्ट?"

"दोन हजार वर्षांपूर्वीची."

चंपाबाईनं सूप खाली ठेवलं. "आनि टाकं कोनी घातलं, तुज्या बापानं? तवा मेल्या बाईचंच पोट फाडत आसतील, पोर वाचवाया. आय जगली, म्हंजी पोर सरळ झालं, माज्यासारकीच्या हातावर. राजाचं नाव मागनं चिकटवलंय कोनीतरी. नर्स म्हनं."

समीक्षा बराच वेळ मोबाइलमध्ये वाचत राहिली. मग ओठ आवळून म्हणाली, "आई, तुमचं बरोबर आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नुसता 'कापणं', सीझर त्यात मागाहून घुसला, असंच विद्वान म्हणतात."

"मंग नापास हो आता."

"आता हेच सांगते परीक्षेत."

चंपाबाई आठवडाभर वाडीत मिरवली. परीक्षकांना मुद्दा फार आवडला.

समीक्षा आता जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करते. जितेशही मार्चमध्ये तिकडेच गेला.