दुसऱ्या कडव्याच्या पुढे

स्वारगेटहून येरवड्याला जाणाऱ्या बसमध्ये शेजारच्या बाई गुणगुणायला लागल्या, तेही थेट दुसऱ्या कडव्यापासून, आणि माझ्या अंगावर काटा आला. शाळेत असताना मी ज्या पॉप ग्रुपवर जीव टाकायचे, त्यांचं हे अजिबात न गाजलेलं गाणं. तेव्हा घरोघरी मोठे लोक ‘चुइंगमची गाणी’ म्हणून नाक मुरडायचे. दुकानातून भरून आणलेली माझी कॅसेट याच कडव्याच्या मधे संपायची. उरलेलं गाणं मोबाइलवरही कधी सापडलं नाही.

बाई पन्नाशीच्या, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. मांडीवरच्या डब्यावर बोटांनी ताल चाललेला. माझी कॅसेट संपायची ती ओळ आली, आणि बाई थांबल्याच नाहीत.

“अहो, पुढचं येतं तुम्हाला?” मी जवळजवळ ओरडलेच.

“न यायला काय झालं? चुइंगमच ते. चिकटतं.”

त्यांनी ते शेवटपर्यंत म्हटलं, चांगलं मोठ्यांदा. कंडक्टर वळून बघत राहिला. मग माझं मनगट धरून म्हणाल्या, “आता सुरुवात तुम्ही म्हणा. माझी टेप तिथेच गुंतून तुटली होती.”

मी म्हणायला लागले. येरवडा आला नि गेला. उतरायचं दोघींनाही तिथेच होतं.