पुरेसा उजेड

रेवा, ईशान,

परवा फोनवर तुम्ही दोघं मला हसलात. "आजी, टीव्हीवर मंत्री दिसला की तू अशी तिरकी का बोलतेस?" ती सवय मला आमच्या हेडबाईंनी लावली. फोनवर असलं काही क्रमाने सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

ऐंशीच्या दशकात मी मुंबईत नाहूरच्या एका छोट्या मराठी शाळेत इंग्रजी शिकवत होते. शाळा कारखान्याच्या भिंतीला चिकटलेली, वर्गांत भर दुपारी अंधार. हेडबाई तिथल्या मुख्याध्यापिका. त्या सरकारवर टीका करत नसत, स्तुती करत. आणि तीही इतक्या गंभीर चेहऱ्याने, की ऐकणाऱ्याला घाम फुटे. शाळेला परवानगी द्यायची पण पहिली काही वर्षं अनुदान द्यायचं नाही, असं धोरण तेव्हा नवीन होतं. "केवढा विश्वास आपल्यावर!" त्या म्हणत. "उपाशी माणूस जास्त चांगलं शिकवतो, हे आपल्याच सरकारला सुचलं."

विजेचा अर्ज कित्येक वर्षं पडून होता. मग निवडणूक लागली, आमची शाळा मतदान केंद्र ठरली आणि एका सकाळी प्रत्येक वर्गात बल्ब लागला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"डोळे भरून बघून घ्या रे," हेडबाई म्हणाल्या. "हा मतदारांसाठी आहे. एकवीस वर्षांचे व्हा, तुम्हालाही मिळेल." तेव्हा मतदानाचं वय एकवीस होतं.

मतदान संपलं आणि दुसऱ्याच दिवशी वायरमन कनेक्शन तोडायला आला.

"राहू द्या हो. पोरांची परीक्षा आहे," हेडबाई म्हणाल्या.

"टेम्पररी कनेक्शन आहे, बाई. वरून ऑर्डर आलीय."

"वर कोण? देव?"

"साहेब."

"तरीच. देवाने राहू दिलं असतं."

काही आठवड्यांनी अनुदानासाठी तपासणी झाली. ते मिळालं नाही तर शाळा चालणं शक्य नव्हतं. तपासणी अधिकारी हजेरीपट वाचायला खिडकीपाशी गेले, तरी त्यांना अक्षर लागेना. निकाल आला: वर्गांत पुरेसा उजेड नाही, सबब अनुदान नामंजूर. हेडबाई खो खो हसल्या. "खरं बोलले हो! पहिल्यांदाच!"

शाळेच्या शेवटच्या दिवशी सुनंदाने हेडबाईंना विचारलं, "बाई, आता आम्ही कुठे जायचं?" ती नववीतली सर्वांत हुशार मुलगी. वडील गिरणी कामगार, संपापासून घरी बसलेले.

"जा, भांडी घासा. तेवढाच सरकारवरचा भार कमी."

वर्ग हसला. सुनंदा हसली नाही.

दुसरी शाळा दोन स्टेशनं पलीकडे होती. मुलगे तिकडे गेले. मुलींना कोणी पाठवलं नाही.

पुढे एकदा मी आणि हेडबाई मुलुंडच्या बाजारातून येत होतो. एका बंगल्याच्या मागच्या मोरीवर सुनंदा भांडी घासत बसली होती. हेडबाई थबकल्या. "हे काय गं?"

सुनंदाने हात न थांबवता, अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "तुम्हीच म्हणालात ना, बाई. सरकारवरचा भार कमी करतेय."

त्यानंतर मी हेडबाईंच्या तोंडून सरकारची स्तुती कधी ऐकली नाही. त्या सांगलीला भावाकडे गेल्या आणि तिथेच वारल्या.

शाळेचं गोदाम झालं. सुनंदा मला अजून भेटते. नववीपर्यंतचं इंग्रजी तिला अजून येतं.