मांजर, पापलेट आणि न बोलणारा डॉन

आमच्या बाबांचा आवाज काय चीज आहे ते बोरिवलीकरांना सांगायला नको. आरतीत त्यांनी वरचा सूर लावला की गोराईच्या खाडीतली बोट आपोआप धक्क्याला लागायची. चौथ्या मजल्यावरून भाजीवाल्याला हाक मारली की आमचा भाजीवाला तर यायचाच, शिवाय पुढच्या गल्लीतले दोघे हातगाड्या घेऊन हजर. बोटीचं मी जरा वाढवलंय. भाजीवाल्यांचं नाही.

अशा माणसाच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली. काढली, तपासली, साधी निघाली, देवापुढे साखर ठेवली. पण डॉक्टर म्हणाले, "दोन आठवडे एक अक्षर बोलायचं नाही. मग आवाज कसा येतो ते बघू." ते 'कसा येतो' बाबांच्या डोक्यात जाऊन बसलं. घरी आल्या आल्या त्यांनी जुन्या पाटीवर लिहिलं, 'गाता येईल ना?' आणि पाटी आईपुढे धरली.

"आधी पेज घ्या," आई म्हणाली. तिने पाटी बाजूला सारून वाटी पुढे केली.

त्यात गणपती तोंडावर आलेले. सोसायटीच्या कार्यक्रमात बाबांचं गाणं दरवर्षी ठरलेलं. यंदा कमिटीने नवीनच टूम काढली होती, प्रत्येक घराने मोबाइलवर दहा मिनिटांचा सिनेमा काढायचा. हे ऐकून बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले ते जेवायलाच उठले.

तेव्हा वहिनीने डोकं चालवलं. "गँगवॉरचा सिनेमा काढू या. गाण्यांसकट. बाबा डॉन."

"डॉनला डायलॉग असतात गं," दादा म्हणाला.

"डॉन कधी बोलतो का रे? बोलतात ते त्याचे चमचे. त्यासाठी तू आहेस ना!"

गोष्ट अशी: एका सोसायटीत मासळीबंदी लागते आणि आमचा डॉन सी विंगमध्ये पापलेटांची तस्करी करतो. त्याची माणसं जिन्यात नाचत गातात, "दार लावा, खिडकी लावा, फोडणी दिली हो, सुरमई शिजली आणि अब्रू गेली हो!" चाल दादाची. शेजारच्या कुत्र्याने ती ऐकली आणि दोन दिवस अन्न टाकलं. डॉन हुकूम सोडतो ते आरतीच्या झांजांवर. एकदा वाजवल्या की माल आणा, दोनदा वाजवल्या की उडवा याला, तीनदा म्हणजे चहा.

बाबांना आईचा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा चढवला, लग्नातला कोट घातला (बटणं लागली नाहीत, डॉन दिसतो म्हणून आम्हीच वाहवा केली) आणि आरशात बघून बाबा बऱ्याच दिवसांनी हसले. आवाज न करता. झांजा तर त्यांनी हातातून सोडल्याच नाहीत. शूटिंग नसतानाही चहाला तीनदा झण्ण.

विरोधी टोळीची डॉन म्हणून आमची मासेवाली मावशी आली. ती गोराईहून बोटीने येते आणि अर्धी बोरिवली तिला घाबरते, अभिनयाची गरजच नव्हती. पिस्तुलाच्या जागी पापलेट, हे ठरलेलं. वहिनीने पुठ्ठ्याचं कापून ठेवलं होतं, चांदीचा कागद लावून झकास. मावशीने ते दोन बोटांत धरलं.

"ह्ये काय? वीस घरांत माजा धंदा हाय. खोटी मासळी हातात घेऊन मी दिसनार नाय."

टोपलीतून तिने खरं पापलेट काढलं. पाटाएवढं. बरं, पाटापेक्षा जरा लहान. आई म्हणाली, शूटिंग झालं की हेच तळते, मऊ असतं, यांना चालेल. बारा दिवस पेज पिणारे बाबा त्या पापलेटाकडे असे बघत होते की मला 'तोंडावर भाव आणा' म्हणावंच लागलं नाही.

चूक माझी. डॉनच्या मांडीवर मांजर असावं ही कल्पना दिग्दर्शक म्हणून मी काढली होती. खालच्या पार्किंगमधली लठ्ठ बोकी दुधावर पटवून आणली, बाबांच्या मांडीवर बसवली आणि मावशीला म्हटलं, "पापलेट रोखून चालत या." मासे खाणाऱ्या घरात जन्म गेला, तरी मांजर आणि पापलेट एका फ्रेममध्ये घेताना कोणालाच काही वाटलं नाही. सगळे कलेत बुडालेले.

मावशी आली. "तुजी गेम वाजवते, दादूस!" बोकीने मान वर केली. मला वाटलं, वा, काय एक्स्प्रेशन देते! पुढच्या क्षणी मांडी रिकामी, मावशीचा हात रिकामा, आणि दाराकडे फक्त एक शेपूट.

"अरे धरा तिला! माझं पापलेट!"

भिंतीवरचं कॅलेंडर हललं. खालून भाजीवाल्याने "काय हवंय काका?" म्हणून ओरडून विचारलं. हे अजिबात वाढवलेलं नाही.

मग ओरडताना उठलेले बाबा गळ्याला हात लावून मटकन खुर्चीत बसले. चष्म्याआडचे डोळे दिसत नव्हते, पण झांजा हातातून गळून पडल्या होत्या. आईने पदर तोंडाला लावला.

"आवाज तर तसाच हाय की," मावशी हळूच म्हणाली.

"आता एक शब्द बोलाल तर बघा," आई म्हणाली आणि तिने खाली पडलेल्या झांजा त्यांच्या हातात कोंबल्या. त्याच कपड्यांत आम्ही रिक्षा केली. दवाखान्यात कोट आणि काळा चष्मा बघून लोकांनी आम्हाला नंबर नसताना पुढे जाऊ दिलं.

डॉक्टरांनी नळी घालून घसा पाहिला. पुन्हा पाहिला. मी मोबाइलवरचं ते ओरडण्याचं शूटिंग दाखवलं. ते त्यांनी तीनदा पाहिलं, त्यातलं तपासणीसाठी एकदाच.

"जखम भरलीय. आजचं नशीब समजा, पुन्हा असलं साहस नको. राहिलेले दोन दिवस गप्प बसा, मग हळूहळू सुरुवात करा."

बाबांनी पाटी पुढे केली. तोच प्रश्न, बारा दिवसांत पुसलाच नव्हता.

"गाता येईल की," डॉक्टर म्हणाले. "यंदा एखादी आरती, खालच्या सुरात. पुढच्या वर्षी हवं तेवढं."

परतताना रिक्षात आई बाहेर बघत होती, अधूनमधून नाक पुसत होती, आणि बाबांनी कोटाच्या बाहीने पाटी लख्ख पुसली. मग नवीन लिहिलं, 'पापलेट?'

"बोकीने खाल्लं," आई म्हणाली. "काटासुद्धा ठेवला नसेल मेलीने."

बाबांनी पाटी बाजूला ठेवली, चष्मा नीट केला आणि झांजा उचलल्या. झण्ण. झण्ण.