ह्यांच्या डब्यातलं यान

आमच्या ह्यांच्यासारखा सरळ माणूस कुणाला नवरा म्हणून मिळू नये, असं मी पैठणला भावासमोर एकदा बोलून गेले आणि वर्षभर माहेरचे टोमणे ऐकले. पण खरं ते खरंच. पाकिटावरच्या तिकिटाला पोस्टाचा शिक्का लागायचा राहिला, तर लोक ते अलगद सोडवून पुन्हा चिकटवतात. हे ते तिकीट माझ्या देखत फाडतात. "उमा, त्याचं काम झालं," म्हणतात. अडतीस वर्षं मी हे सोसते आहे.

नाव मधुसूदन. शहागंजात कापडाच्या दुकानावर लोखंडी जिना चढून गेलं की ह्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. खोली एक, मशिनी चार, पंखा एक आणि तोही रुसका. चौऱ्याण्णव सालची गोष्ट. तेव्हा आमच्या औरंगाबादेत सगळं कॉपी केलेलंच चालायचं, कुणाला त्यात काही वाटतही नव्हतं. बाकीच्या क्लासांत पोरांना नवेनवे गेम खेळायला मिळायचे. आमच्याकडं काय, तर गणिताचे तक्ते! पोरं टिकायची नाहीत. मी म्हणायचे, "अहो, सगळं गाव करतंय ते." हे म्हणायचे, "गाव करू दे की. मी कुठं आडवा येतोय?"

आणि अशा माणसाला नाद कशाचा, तर यान उडवायच्या गेमचा. खालच्या गल्लीत कचरू म्हणून एकजण कॉम्प्युटरचे सुटे भाग विकायचा. त्यानं परदेशातल्या गेमची एक चकती कुठून तरी कॉपी करून आणली. "सर, बसा तर खरं. लई भारी यान हाय, पोटात गोळाच येतो." हे बसले नाहीत. तासभर उभ्यानं बघत राहिले. मग विचारलं, "अस्सल चकती कुठं मिळेल?" कचरू हसून म्हणाला, "अस्सल आपल्या गावात कुणी बघितलीय सर?" त्या दिवशी घरी आल्यावर ह्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता म्हणाले, "चोरीच्या यानात बसण्यापेक्षा आपलं आपण बांधू." मी म्हटलं, बांधा. मला वाटलं आठ दिवसांचं खूळ असेल. तीन वर्षं चाललं ते.

पण काय बांधलं हो! गेमचं नाव 'नाथसागर'. यान जायकवाडीच्या धरणाच्या भिंतीवरून उडायचं. खाली नाथसागराचं पाणी लहान लहान होत जायचं, पैठणची वस्ती ठिपक्याएवढी व्हायची, मग सगळं काळं आणि पुढं चंद्र. हिशेब सगळे खरे. वेग चुकला की चंद्राच्या बाजूनं सुटून जायचं, परत यायचंच नाही. ढीगभर वह्या ह्यांनी त्या हिशेबात संपवल्या. आणि यानात बोलणारी बाई मी! दुसरी कोण मिळणार होती फुकट? बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून गादीच्या आडोशाला माईक धरून माझ्याकडून म्हणवून घेतलं, "इंधन कमी आहे." माझ्या तोंडून निघायचं, "इंधन कमी हाय." पुन्हा म्हण. पुन्हा हाय. सतराव्या वेळेला मी भडकले. "यान माझ्या माहेरावरून उडतंय ना? मग पैठणचंच बोलणार मी!" हे पोट धरधरून हसले. शेवटी एकदाचं सगळं शुद्ध झालं आणि मी सुटल्यासारखी म्हणाले, "पोचले बाई!" माईक चालूच होता. ह्यांनी तेवढं तसंच ठेवलं. यान चंद्रावर नीट उतरलं की ते ऐकू यायचं. ऐकलंय मोजक्याच लोकांनी, कारण उतरायचंच कुणी नाही.

करमाडहून एसटीनं येणारी एक मुलगी तेवढी चंद्रावर उतरली. सोनिया तिचं नाव. अकरा वर्षांची, दोन वेण्या. तिचे वडील रामकिसन तिला सोडायला यायचे आणि जिन्यातच बसून राहायचे. ज्या दिवशी तिचं यान उतरलं, त्या दिवशी ती खुर्चीवर उभी राहून ओरडली, "पोचले बाई!" रामकिसन घाबरून धावत वर आले.

नव्व्याण्णव साली पुण्याच्या एका कंपनीनं तो गेम विकत घेतला. गावोगावच्या शाळांत जाईल म्हणाले. ह्यांना तेवढंच हवं होतं. करारनाम्यात लिहिलेलं होतं की मशीनवरचं सगळं पुसून टाकावं, एकच चकती, म्हणजे सीडी, स्वतःच्या वापरासाठी ठेवावी, तिची नक्कल करू नये आणि कुणाला देऊ नये. बघायला कोण येणार होतं? कुणीसुद्धा आलं नाही. पण ह्यांनी चारही मशिनी बसून साफ केल्या. वह्यासुद्धा जाळल्या, करारात वह्यांचं नाव नसताना! मी ओरडले, तर म्हणाले, "वहीत यानच आहे ना?"

कंपनीनं तो गेम एकाही शाळेत दिला नाही. चार वर्षांनी कंपनीच बंद पडली आणि ऑफिस रिकामं करताना तिथलं सगळं भंगारात गेलं, असं कानावर आलं. म्हणजे जगात उरली ती आमची एक चकती. ह्यांनी ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली, मलमलीत गुंडाळून, सोबत करारनामा. डबा माझ्या कपाटात, पैठणीच्या शेजारी. मी पैठणी दरवर्षी काढून घडी बदलते, तसा हे डबा काढून बाहेरून पुसायचे. चकती लावून बघायला जुनं मशीन कुठं होतं? क्लास तोवर बंद झाला होता.

मग सहा वर्षांपूर्वी सोनिया आली. आता इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. ती आणि आणखी काही जण मिळून असे हरवलेले, कुणी विकत नाही असे जुने गेम गोळा करून इंटरनेटवर ठेवतात, कुणालाही खेळता यावेत म्हणून. बसल्या बसल्या म्हणाली, "सर, नाथसागर द्या. तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही."

"तो माझा नाही, बाळा."

"सर, कंपनी बंद. गेम कुठं विकत मिळत नाही. नुकसान कुणाचं होणार?"

हे म्हणाले, "शेजारी गावाला गेला आणि दहा वर्षं आला नाही, म्हणून त्याच्या अंगणातली लिंबं तोडायची का?"

मला राहवलं नाही. "तिथंच सडू द्यायची का मग?"

"विचारून तोडायची," हे म्हणाले.

सोनियानं हात जोडले. म्हणाली, नुसती एक नक्कल काढून ठेवते, कुणाला दाखवणारही नाही, चकत्या कायम टिकत नाहीत हो सर. ह्यांनी नकाराची मान हलवली. म्हणाले, नक्कल ती नक्कलच, आणि करारनाम्याखाली सही माझी आहे. ती गेल्यावर मी दोन दिवस बोलले नाही ह्यांच्याशी. माझाही आवाज होता त्यात. बत्तिसाव्या वर्षीचा माझा आवाज, माझ्या आईनं ऐकलेला आवाज. तो दुसरीकडं कुठंच नाही. पण हे ऐकतात का?

मग ह्यांनी मालक शोधायला घेतला. कंपनीचे भागीदार दोन. एक वारलेले, दुसरे परदेशात. पत्रं लिहिली, परत आली. सोनियानं ईमेल शिकवले, ते धाडले. दर सोमवारी सकाळी अंघोळ करून हे ईमेल लिहायला बसायचे. सहा वर्षं! मध्ये बायपास झाली, तेव्हाही शुद्धीवर आल्यावर मला पहिलं विचारलं ते, "उत्तर आलं का?" मी तोंडावर हसले आणि बाहेर येऊन रडले.

गेल्या दिवाळीनंतर उत्तर आलं. त्या दुसऱ्या भागीदाराच्या मुलीचं. दोनच ओळी. वडील गेले, आम्हाला ह्या गेमबद्दल काहीच माहीत नाही, तुम्हाला हवं ते खुशाल करा. ह्यांनी ते मला चार वेळा वाचून दाखवलं. डोळ्यांतून पाणी. मी मनात म्हटलं, ज्यांना आपलं आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं, त्यांच्या होकारासाठी ह्या माणसानं आयुष्य टांगून ठेवलं. आणि उठून शिरा केला.

सोनिया दुसऱ्याच दिवशी आली, चकती वाचायचं यंत्र घेऊन. मी कपाटातून डबा काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला. ह्यांनी झाकण उघडलं आणि वास असा आला की सोनिया मागं सरकली.

डांबरगोळ्यांचा.

मला तेव्हा आठवलं. तीन वर्षांपूर्वी कपाटात कसर झाली होती. डांबरगोळ्या आणल्या. पण पैठणीजवळ गोळी ठेवायची नाही, जरीचे काठ काळे पडतात, हे आम्ही पैठणच्या बायका जन्मापासून ऐकतो. म्हणून पैठणी वाचवायला मी त्या गोळ्या ह्यांच्या डब्यात टाकल्या. म्हटलं, तिथं कागद आहे, कसर कागद आधी खाते. झाकण घट्ट लावलं. मूठभर टाकल्या होत्या. माझ्या मेलीचा हात सढळ!

करारनामा कोरा करकरीत निघाला, ह्यांची सही कालच केल्यासारखी. मलमल उलगडली, तर चकतीवरचा चंदेरी थर फुगून सुटला होता आणि कापडाला चिकटून आला. सोनियानं ते उजेडात धरलं. मग हळूच म्हणाली, "गोळ्यांची वाफ प्लॅस्टिकला खाते. ह्या कुणी ठेवल्या?"

माझं तोंड उघडलं होतं. पण हे आधी बोलले. "मीच. कसर लागू नये म्हणून."

शिक्का न लागलेलं तिकीट फाडणारा माणूस. माझ्याकडं न बघता, एका श्वासात खोटं बोलला. आणि मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

सोनियानं तरी चकती नेली, कॉलेजातल्या लोकांना दाखवली. आठ दिवसांनी फोन आला. काही नाही, सर. एक अक्षर नाही.

हे रडले नाहीत. संध्याकाळी मी म्हटलं, "अहो, त्या गोळ्या..." तर म्हणाले, "चहा टाक." त्यानंतर दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा चहाच टाकावा लागला. आता हे सोमवारी लवकर अंघोळ करत नाहीत. खिडकीत बसतात. काय बघतात, विचारायची माझी छाती होत नाही.

सोनियाच्या लोकांची एक यादी आहे, कायमच्या गेलेल्या गेमची. नाव, साल, कुणी केला, कसा गेला. तिनं ह्यांना फोनवर विचारलं, काय लिहू सर? मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. ह्यांनी सावकाश, पोरांना शुद्धलेखन घालावं तसं सांगितलं. "निर्मात्याच्या निष्काळजीपणामुळे नष्ट."

ते तसंच छापलंय. मी मोबाइलवर रोज उघडून बघते. तीन वर्षं राबून केलेल्या कामाची जगात आता तेवढीच एक ओळ आहे, आणि तीही खोटी. एक फोन केला तर सोनिया पाच मिनिटांत बदलेल. तिचा नंबर माझ्याकडं आहे. अजून लावलेला नाही.