यमुनेच्या हातचं लवंगेचं तेल

ठाण्याच्या बाजारात मी माझ्या लवंगेच्या तेलाची फुशारकी मारत उभा होतो, आणि त्याच वेळी कल्याणात माझी बायको यमुना जीव सोडत होती. शेजारचे गणुकाका आगगाडीने मला शोधत आले. "चला घरी," एवढंच म्हणाले. मी मूर्ख, त्यांनाच विचारतो, "भट्टीचं काही बिघडलं का?" त्यांनी माझ्या शिश्या पिशवीत भरल्या. सकाळी निघताना तिला नुसता ताप होता हो! "या जाऊन, मी आहे," म्हणाली होती. त्याला आता महिना होऊन गेला.

दाढ ठणकली की शहाडहूनसुद्धा माणसं माझ्याकडे येत, कापसाचा बोळा लवंगेच्या तेलात भिजवून नेत. पोटात कळ आली की ओव्याच्या तेलाचे दोन थेंब नेत. शिशीवर नाव माझं. आता लपवून कोणाचं भलं व्हायचंय? ते तेल यमुना काढायची. तांब्याच्या हंड्यात मसाला नि पाणी, झाकणाच्या कडेला कणकेचा लेप, बांबूच्या नळीतून गार मडक्यात उतरणारी वाफ... सगळं तीच बघायची. मी ओसरीवर बसून गिऱ्हाइकांपुढे ज्ञान पाजळायचो. एकदा म्हणाली, "अहो, एक दिवस तरी भट्टीपाशी बसा. माझ्यामागे काय कराल?" मी हसलो. "तू कुठे निघालीस?" म्हटलं. धुराने लाल झालेले डोळे पुसत ती पुन्हा जाळ सारायला गेली.

तेरावं झालं आणि कोठीत तिने कुटून फडक्यात बांधलेल्या लवंगा सापडल्या. दिवसांना सासरहून आलेली लेक दुर्गा म्हणाली, "बाबा, मी काढते तेल." मी खेकसलो, "मला शिकवू नकोस!" तिच्या आईचं हे शेवटचं तेल मला स्वतः काढायचं होतं, त्याची एक शिशी जन्मभर जवळ ठेवायची होती. दिवसभर जाळ राखला. संध्याकाळी मडकं उघडलं, तर तेलाचा तवंगसुद्धा नाही, नुसतं दुधाळ पाणी. ओव्याचं तेल वर तरंगताना मी पाहिलं होतं. वाटलं, फसली भट्टी. संतापाने मडकं अंगणात उपडं केलं.

दुर्गा धावत आली. "बाबा, काय केलंत हे! लवंगेचं तेल जड असतं, तळाशी बसतं. आई ते निवू द्यायची, मग वरचं पाणी अलगद काढायची..." बोलता बोलता ती मटकन खाली बसली नि रडू लागली. मीही तिच्याजवळ बसलो. इतकी वर्षं तेल विकलं आणि एवढंही ठाऊक नव्हतं मला!

ओली माती आम्ही दोघांनी ओंजळीने गोळा करून पाहिली. काय हाती लागणार? तेल मुरलं होतं. पण अंगणभर लवंगेचा वास सुटला. दुर्गा सासरी गेली तरी तो होता. मोलकरणीला मी अंगण झाडू दिलं नाही, सडा घालू दिला नाही. गिऱ्हाईक आलं की सांगायचो, "तेल काढणारी गेली हो. बसा, वास तेवढा घ्या." रोज तो थोडा कमी व्हायचा. परवा सकाळी उठलो, चिमूटभर माती नाकाशी धरली... नुसती माती होती.