देवीदासच्या पणज्याची पँट

आमच्या शिलाई केंद्रात दोन गोष्टी रोज झाडल्या तरी सकाळी पुन्हा पायाखाली येतेत. एक चिंध्या, आन् दुसरे हसाचे किस्से. चिंध्याइले गोधडीत तरी कामी लावता येते. किस्स्याइचं काय करा? सांगून टाकते, मोकळी होते.

केंद्र म्हनजे तिरोड्याच्या वाटेवर, आमच्या गावच्या समाजमंदिराची एक खोली. सहा मशिनी, सात बाया. सातवी मी, काज-बटनवाली बुढी. हे सारं उभं केलं प्रणालीनं. नागपूरले कपड्याचं डिझाईन शिकून आलेली गावचीच पोट्टी. पन ऑर्डर काही येत नोयत्या, आन् सुरतच्या कंपनीचा फोन सारखा येऊन राह्यला होता. एक दिवस तिनं सरळ सांगितलं, "आजी, ही एक ऑर्डर लागली तं मी इथंच राहीन. नाई लागली तं सुरतले जाईन. मंग या खोलीले कुलूप."

ही ऑर्डर होती अमेरिकेतल्या डेव्हिडची. आमी त्याले देवीदास म्हनतो. त्याचा क्लब दीडशे वर्षाआंधीच्या पद्धतीनं बेसबॉल खेळते, तं ड्रेसही तवाचाच पायजे! त्यानं एक जुना फोटो धाडला. त्यात त्याच्या पणज्याची टीम, नऊच्या नऊ मिशावाले. म्हने, हुबेहूब असाच शिवा. सॅम्पल पास झाला का ऑर्डर पक्की.

*

फोटोतल्या सदऱ्यावर छातीले ढालीसारखं एक अलग फडकं होतं. दोन्ही बाजूनं बटना, मधात मोठा 'एम'. आमची शकुन म्हने, "हा तं बँडवाल्याचा कोट व!"

खरंच होतं. मंग प्रणाली आन् मी तिरोड्याच्या एका बँडमास्टरकडे गेलो, कोट पाहाले. मास्टर खूश. "कोनाचं लग्न हाये जी?"

प्रणाली मान खाली घालून मापं लिहून राह्यली होती. मी हळूच म्हनली, "हिचंच!"

मास्टर प्रणालीच्या बापाले ओळखे. त्यानं त्यालेच फोन लावला, "घोडी लागन का?" बाप धावत केंद्रात आला. घामाघूम. "पोरगा कोन हाये, सांग!"

प्रणालीनं माझ्याकडे डोळे वटारले आन् तो फोटोच बापाच्या पुढे धरला. बापानं एकेक मिशी निरखून पाह्यली. मंग म्हने,

"यातला कोनता?"

*

फोटो काळा-पांढरा. रंग कसे समजतीन? प्रणालीनं चार दिवस लॅपटॉपवर वाचलं आन् म्हने, तवाच्या फोटोत लाल रंग काळा दिसे आन् निळा रंग पांढरा दिसे. म्हनून हे काळे मोजे लाल असतीन, आन् पांढरी टोपी निळी असू शकते.

शकुन निळं लुगडं नेसून बसली होती. तिनं विचारलं, "मंग माझा फोटो काढला असता तं?"

"लुगडं पांढरं दिसलं असतं."

शकुनचा नवरा यादोराव दारात बसून चाय पिऊन राह्यला होता. मी म्हनली, "यादोराव, चाय लवकर संपवा जी. फोटोवाल्यानं तुमाले मारून टाकलं!"

*

कापड पायजे होतं लोकरीचं. आन् महिना होता मे. गोंदियाच्या दुकानात शेठ बनियानवर, पंख्याच्या बरोबर खाली.

"अम्मा, मई में गरम कपडा? किसके लिये?"

"अमेरिकावाले के लिये."

"अच्छा अच्छा. वहां ठंडी होगी."

"नहीं जी. वो भी गर्मी में ही पहनते. और पहन के दौडते!"

शेठचा गठ्ठ्यावरचा हात थांबला. मोठ्या मायेनं म्हने, "डॉक्टर की चिठ्ठी है क्या, अम्मा?"

*

देवीदासचा कॉल आला तशी मी मुद्दाम कॅमेऱ्यापुढे जाऊन बसली. प्रणालीले म्हनली, "इचार त्याले. फोटोत कोनाच्याच हातात ग्लोव्ज नाई. मंग चेंडू झेलतेत कसे?"

तो हसला. ते आताही ग्लोव्जबिगरच खेळतेत म्हने. त्यानं हात वर केला. दोन बोटं पार वाकडी! "चेंडूनं," म्हने.

मी माझं बोट दाखवलं. नखातून आरपार गेल्याची निशानी. "मशीनच्या सुईनं."

त्यानं तोंड वेडंवाकडं केलं. "मंग तुमी काय केलं?"

मी म्हनली, "सुई बदलली."

*

सदरा तयार झाला. घालून पाहाले देवीदासच्या मापाचा उंच मानूस गावात एकच, यादोराव. त्याले सदरा घातला, डोक्यावर टोपी ठेवली. आमी मागून-पुढून पाहून राह्यलो, तितक्यात एसटीचा हॉर्न वाजला. यादोरावले तिरोड्याले जाचं होतं. तसाच पळाला ना बापा!

एसटीत चढला तं कंडक्टरनं तिकीट सोडून पह्यले विचारलं, "काय जी, कुठी आग लागली?"

सांजच्याले यादोरावनं हे सांगितलं तं प्रणाली उडालीच. तिनं देवीदासले विचारलं. तो म्हने, हाव, छातीवर ढालीचं फडकं असलेले असे सदरे आंधी आग विझवनारेच घालत!

महिनाभर आमी लॅपटॉप उघडून बसलो. कंडक्टरले एक नजर पुरली!

*

आता राह्यली पँट. तिचं काज-बटन माझं काम. मी भिंग घेऊन फोटो पाहाले बसली, तं बाया खिदळाले लागल्या.

"बुढे, कुठी पाहून राह्यली व?"

"जिथी पाहाचं तिथीच!"

पन माझं हसू थांबलं. मर्दाच्या पँटीत डावीकडची पट्टी वर येते, बाईच्या कपड्यात उजवीकडची. फोटोत नऊच्या नऊ पँटी बायकी अंगानं उघडत होत्या. एखाद्या टेलरची एक चुकन. नऊ कशा चुकतीन?

मी म्हनली, "प्रणाली, मानसं बरोबर हायेत. फोटोच उलटा हाये."

तिनं मोबाईलवर फोटो पलटवला. 'एम' तसाच 'एम', त्याले काय डावं-उजवं! मंग तिनं शोधून काढलं. तवा लोखंडी पत्र्यावर फोटो निघे, आन् आरशातल्यावानी उलटाच निघे. पोट्टी खुशीत उठली, आन् मटकन खाली बसली.

"आजी, पणज्याच्या हातात बॅट हाये. डावखुऱ्यावानी. फोटो उलटा, म्हनजे पणज्या उजवाच!"

देवीदास दर कॉलवर सांगे, पणज्या डावखुरा, हा आमच्या साऱ्या खानदानाचा गर्व! त्याच्यापायी देवीदासही लहानपनापासून डाव्या अंगानंच खेळून राह्यला होता.

"सांगितलं तं ऑर्डर जाईन, आजी. तो म्हने फोटोसारखंच पायजे. तसंच शिवू. कोनाले समजन?"

"मले समजलं न," मी म्हनली. "काज मी करते का तू करतेस?"

तिनं भिंग घेऊन नऊच्या नऊ पँटी पाह्यल्या. मंग म्हने, "सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातले कॉल लावला, तिकडे सांज. प्रणालीनं सारं सांगितलं. पँट दाखवली, भिंग दाखवलं, मलेही दाखवलं. देवीदास मंग उठून निघूनच गेला. नुसती रिकामी खुर्ची!

प्रणालीचे डोळे भरले. शकुननं आपल्या मशीनवर कव्हर टाकलं.

तितक्यात तो आला, हातात बॅट घेऊन. आयुष्यात पह्यल्यांदा उजव्या अंगानं फिरवली. खळ्ळकन् काहीतरी फुटलं! तिकून बायको ओरडली. इंग्रजीत ओरडली, पन आमा सातही बायाइले शब्दन् शब्द समजला.

"क्लबाले विचारून सांगतो," म्हने, आन् फोन बंद.

चार दिवस काहीच नाई. सुरतचा फोन दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळेस प्रणालीनं बाहेर जाऊन उचलला, तवा आमी मशिनी थांबवून कान लावला होता. तिनं दोन दिवस मागून घेतले.

पाचव्या दिवशी मेल आला. प्रणाली वाचता वाचता थांबली.

"काय लिहिलं व? पास का नापास?"

"आजी, क्लबात भांडन लागलं. अर्धे म्हनतेत फोटो खरा. अर्धे म्हनतेत बुढी खरी. एकमेकाशी बोलतही नाईत. आता दोन टीम झाल्या. एकाइच्या पँटी इकडून उघडनाऱ्या पायजेत, दुसऱ्याइच्या तिकडून!"

"म्हनजे किती, अठरा?"

"एकोणीस."

"एक कायले जास्त?"

"देवीदासले दोन्ही पायजेत."